आधी आटा बघ

जालन्याच्या भंगारातून साडेआठशेला उचलला,
तीन जबड्यांचा चक.
एसटीत मांडीवर घेऊन बसलो उदगीरपर्यंत,
झोपलेलं पोरगं घ्यावं तसा.
चौबाऱ्यामागच्या दुकानात खय्यूमभाईंनी तो उलटा केला,
मागच्या भोकात बोट फिरवलं.
"आटा कोणता?"
क्षणभर मला गिरणीच आठवली.
"लेथच्या दांड्यावर बसल का, ते बघितलाव का?
पाकीट चांगलंय पोस्टमास्तर,
पत्ता चुकलाय."

एकतीस वर्षं मी शिक्के मारले.
हाताला ठोकायची सवय,
धरायची नाही.

"आन् हा लोखंडवाल्यांचा.
लाकडाला तीन जागी चावतो, बाकीचं मोकळं.
लाकूड दबतं.
दबलेलं सैल होतं."
मग त्यांनी फळीवरून स्वतःचा काढला,
फडक्यात गुंडाळलेला, चार जबड्यांचा.
किल्ली फिरवली, चौघं एका चालीनं आत आले,
सख्खे भाऊ येतात तसे,
पंगत बसली की.

महिनाभर नुसती कुसवं काढली.
बाभळीची, लिंबाची, एक शिसवाचं, तेही वाया.
जबडे मिटत आले की त्यांचा गोल पुरा होतो,
त्या मापाचं कुसू हवं.
फार उघडले तर नुसती टोकं रुततात.
आणि कुसवाला खांदा हवा, चौकोनी, स्वच्छ,
तो जबड्यांच्या तोंडावर टेकला पाहिजे.
बूड आत टेकलं की वाटी डुगडुगणार.
"खांद्यावर पेलतंय ते.
बुडावर नाही."

लाईट गेली एका संध्याकाळी.
ओल्या लिंबाची वाटी अर्धी कोरलेली,
तशीच चकात ठेवून घरी गेलो.
सकाळी बटण दाबलं, पटाशी टेकवली,
आणि वाटी माझ्या कानावरून
भिंतीवरच्या कॅलेंडरात, थेट चौदा तारखेत.
खय्यूमभाईंनी आधी लेथ बंद केला,
मग माझ्याकडे बघितलं.
"काय करूलालाव?"
वाटी उचलून कुसवावरून अंगठा फिरवला.
ते गोल राहिलं नव्हतं.
"रात्रीतून आटलं.
काल घट्ट होतं ना?
आज विचारलाव का त्याला?"

किल्लीचा धडा त्यांनी बोलून दिला नाही.
डाव्या भुवईवरचा व्रण दाखवला.
अब्बांनी चकात विसरलेली किल्ली, हे अकरा वर्षांचे.
त्यांच्या दुकानात किल्लीला दोनच जागा आहेत,
हात आणि खिसा.

परवा घरून एक मूठ नेली,
जुन्या शिक्क्याची. पितळ गळून गेलंय,
नुसतं लाकूड, माझ्या तळव्यानं काळं झालेलं.
म्हटलं, अशीच एक करायचीय, कुठला चक लागेल?
त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
मुठीच्या माथ्यावर, मळाखाली,
चार बारीक खुणा, फुलीसारख्या.
एकतीस वर्षं त्या माझ्या तळव्यात रोज टेकत होत्या
आणि मला त्या लाकडाचीच जात वाटायच्या.
"चक नव्हताच हिला.
दोन टोकांत धरलीय, इकडून काटा, तिकडून टेकू.
लाटणं, मूठ, पाळण्याचे खूर, सगळं लांबट काम असंच.
चक वाटीला. डबीला."
मूठ त्यांनी बराच वेळ परत दिली नाही.
"कोणीतरी घाईत केलीय," म्हणाले,
"पण हात चांगला होता."

"म्हणजे तो जालन्याचा घ्यायलाच नको होता?"
"नव्हताच घ्यायचा."

तो आता दुकानाच्या दाराशी असतो.
उन्हाळ्यात बिदरकडून वारं सुटलं
की पत्र्याचं दार आपटतं.
आता आपटत नाही.
खय्यूमभाई जाता-येता त्याला पायानं नीट सरकवतात
आणि माझ्याकडे बघत नाहीत.